कप्तानाच्या कपाळावरचं गंध

पत्रकाचं पहिलं वाक्य असं हवं, की माणूस ते कचऱ्याच्या डब्याकडे नेता नेता वाचेल आणि डब्यापाशीच थबकेल. हे मी पुण्यात कॉलेजात शिकले आणि ड्रेस्डेनला एम.एस. करताना जर्मनमध्ये पुन्हा शिकले. वसतिगृहाच्या भिंतीवरची बुरशी, बंद केलेली बस, परदेशी विद्यार्थ्यांना खोली न देणारे घरमालक, ज्या ज्या गोष्टीवर चिडता येतं त्या सगळ्यांवर मी लिहिलं, छापलं, वाटलं. म्हणून झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि तिथून बसने वीस मिनिटांवरच्या एका लहान गावात मी राहायला गेले, तेव्हा आईने फोनवर दिलेली पहिली सूचना थंडीबद्दल नव्हती. "आत्याच्या गावात राहते आहेस. तिथे पत्रकं वाटत फिरू नकोस."

मी फिरले. आणि एका पत्रकापायी आत्याच्या घराचं दार मला बंद झालं, तेही नेमकं अशा आठवड्यात, जेव्हा गावातल्या एका रस्त्याचं नाव राहायचं की जायचं हे त्या दारामागच्या सात वह्यांवर ठरणार होतं.

आत्या चाळीस वर्षं या गावात आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आली आणि एका जर्मन माणसाशी लग्न करून राहिली. त्यांना मी काका म्हणते. काका मोटारीच्या कारखान्यात गिअरबॉक्सचे इंजिनियर होते, आता निवृत्त आहेत. आत्या त्यांना अजून 'अहो' म्हणते. "अहो, ती बादली आणा," म्हटलं की काका "जा, जा," म्हणत बादली आणतात. ज्यांना जर्मन येत नाही त्यांना वाटतं, ते तिला हाकलताहेत. प्रत्यक्षात ते हो म्हणत असतात.

दोघं राहतात ते घर काकांच्या आजोबांनी बांधलेलं. आजोबा म्हणजे कप्तान. गावात आजही त्यांना सगळे कप्तानच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. घरासमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, आणि नावाच्या पाटीखाली एक छोटी निळी पाटी: 'नौदल अधिकारी. आपल्या जलतरण तलावाचे संस्थापक.' गावाच्या माहितीपुस्तिकेत त्यांच्या आयुष्याला चार ओळी आहेत. त्यातली दुसरी ओळ मी बसस्टॉपवर उभ्याउभ्या वाचली आणि बस सोडली. 'पूर्व आशिया आणि दक्षिण समुद्रात सेवा.'

सेवा. तोफा बसवलेल्या जहाजातून दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर जायचं आणि त्याला सेवा म्हणायचं. कुणाची सेवा केली, ती कुणी मागितली होती, आणि ज्यांची केली त्यांना विचारलं का कधी? माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं.

गावातल्या शाळेत इतिहास शिकवणारी एक बाई आमच्या गटात होती. गट म्हणजे काय, पाचसहा माणसं आणि एक प्रिंटर. ती म्हणाली, "चिडणं पुरेसं नाही. कागद हवा." म्हणून एका शुक्रवारी रजा टाकून आम्ही दोघी फ्रायबुर्गला गेलो, जिथे लष्कराचे जुने सरकारी कागद ठेवलेत. आयुष्यात मी इतकी उतावीळ कधीच झाले नव्हते. माझ्यापुढे करड्या रंगाचं एक खोकं आलं, त्यात एका माणसाची सगळी नोकरी.

ती नोकरी वाचताना मला मजा आली हे मी लपवणार नाही. अठराव्या वर्षी, विसावं शतक नुकतंच उजाडत असताना, डोंगरांतल्या या गावातला एक शाळामास्तरांचा मुलगा समुद्र कधीही न पाहता नौदलात कॅडेट होतो. शिडांच्या जहाजावर पहिलं वर्षभर दोरखंड ओढतो. त्याच्याबरोबर भरती झालेली मुलं ती त्याची 'क्रू', आणि क्रू मरेपर्यंत सुटत नाही. म्हातारपणीसुद्धा दरवर्षी जमायचं. मग परीक्षा, मग लेफ्टनंट. वरिष्ठांचे शेरे: 'उत्साही. नेव्हिगेशन उत्तम. हाताखालच्यांशी कडक.' लग्न करायलाही वरून परवानगी लागायची, तिचा अर्जसुद्धा खोक्यात आहे. मग चीनचा किनारा, मग दक्षिण समुद्र, म्हणजे प्रशांत महासागरातली जर्मन वसाहतींची बेटं. मग महायुद्धात पाणसुरुंग शोधणारी बोट. युद्धाच्या शेवटच्या शरद ऋतूत खलाशांनी बंड करून जहाजांवर लाल बावटे चढवले, तेव्हा हा अधिकारी साध्या कोटात, खांद्यावरच्या पट्ट्या खिशात घालून, आगगाडीने गावाला परतला. पुढे चाळीस वर्षं समुद्र पाहिला नाही. गावात तलाव खणून घेतला आणि पोरांना पोहायला शिकवलं.

दक्षिण समुद्राच्या काळातला एक टाइप केलेला अहवाल होता. एका बेटावरच्या गावाने जहाजासाठी माणसं आणि खोबरं द्यायला नकार दिला होता. 'गावास शिक्षा करण्यात आली. किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीचे नेतृत्व' आणि पुढे आमच्या कप्तानाचं नाव. तेव्हा तो पंचविशीचा होता. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

'शिक्षा करण्यात आली.' कुणी केली, काय केली, काही नाही. शिक्षिका म्हणाली, "गेनाऊ, अगदी तसंच. अहवाल असाच लिहितात. त्या काळी शिक्षा म्हणजे गाव जाळणं. पण यावर तलाववाले म्हणतील, तो बोटीतच बसून राहिला असेल, हुकूम वरून आला असेल." तलाववाले म्हणजे जलतरण मंडळ आणि त्याचे सत्तरी ओलांडलेले अध्यक्ष. ते गेली दोन वर्षं नाव बदलण्याच्या प्रत्येक चर्चेत उभे राहून एकच वाक्य म्हणत होते: "या माणसाने अर्ध्या गावाला बुडण्यापासून वाचवलंय."

मला आठवलं, आत्याच्या कपाटात कप्तानाच्या वह्या आहेत. काळ्या मेणकापडी पुठ्ठ्याच्या सात वह्या. जहाजाचं अधिकृत पुस्तक वेगळं. या त्याच्या स्वतःच्या.

"आत्या, त्या वह्या मला दे."

"कशाला?"

"वाचायला."

"तुला येणार आहेत? ती जुनी लिपी आहे. तुझे काका जन्माने जर्मन, त्यांना चार ओळींपुढे जाता येत नाही."

"मग तू वाचून दाखव. तुला येते ना?"

तिला येते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंची पाककृतींची वही वाचता यावी म्हणून ती ही लिपी शिकली होती. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवून गिरवायला लावली होती.

"येते. दाखवणार नाही," ती म्हणाली. "घरातलं माणूस आहे ते. घरातल्याची वही चव्हाट्यावर नेत नाहीत."

"आणि घरातल्याचं नाव चव्हाट्यावर लावलेलं चालतं?"

"भोपळा चिर."

भोपळा चिरायचा होता, कारण त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आत्या दरवर्षी करते. गोठवलेली गवार स्टुटगार्टहून आणते, उडदाचे वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. आणि पान वाढते ते सासरच्या पितरांसाठी. कोपऱ्यातल्या बुटक्या कपाटावर तीन तसबिरी: सासरे, सासूबाई आणि मध्ये कप्तान, दुहेरी बटणांच्या गणवेशात, काखेत टोपी. तिघांना चंदनाचे हार. तिघांच्या कपाळावर लाल अष्टगंध.

"आत्या, ही माणसं लुथेरन ख्रिश्चन होती."

"भूक लुथेरन असते का गं?"

पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. इथले कावळे फार वाट बघायला लावत नाहीत. काका खिडकीपाशी उभे होते. मराठीतले त्यांना येणारे शब्द जोडून ते म्हणाले, "आजोबा. वडा. झाला?" आत्या म्हणाली, "झाला." ते समाधानाने जेवायला बसले. मी तसबिरींचा आणि पानाचा फोटो काढला आणि आईला पाठवला. 'बघ, तुझी नणंद जर्मन आरमाराला जेवू घालते आहे.' आईने हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली.

इथपर्यंत माझी काही चूक नव्हती.

पाच आठवड्यांनी प्रश्न गेमाइन्डेराटपुढे, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या सभेपुढे यायचा होता. पत्रक मीच लिहिलं. पहिलं वाक्य: 'ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज जाता, त्याच्या पाटीवरच्या माणसाने एक गाव जाळलं आहे.' चांगलं वाक्य होतं, आजही बदलणार नाही. पण पत्रकाला चेहरा लागतो. गावाच्या पुस्तिकेतला फोटो अंधुक होता. प्रिंटरवाल्याची वेळ संपत आली होती. माझ्या फोनमध्ये कप्तान होता, स्वच्छ, उजेडात. मी हार कापला, कडा कापल्या, गोल चौकट केली आणि दिला. आत्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. हे असं स्वच्छ लिहायला मला बरेच दिवस लागले.

शनिवारी सकाळी गावातल्या प्रत्येक पत्रपेटीत पत्रक पडलं. दुपारी शिक्षिकेचा फोन आला. तिचा आवाज चिरका झाला होता.

"तू त्याच्या कपाळावर काय काढलंयस?"

"काय काढलंय?"

"बघ."

बघितलं. आणि दिसेना. खरंच सांगते, अर्धं मिनिट मला काहीच दिसेना. मग दिसलं. कप्तानाच्या कपाळाच्या बरोबर मध्यभागी एक लालभडक ठिपका, आणि त्याच्यातून खाली ओघळलेली बारीक रेघ. आत्याने गंध जरा पातळ केलं होतं.

आमच्या घरी पणजोबांच्या फोटोवर गंध, आजीच्या फोटोवर गंध, शेजारच्या अण्णांच्या फोटोवर गंध. माझ्या डोळ्यांना तो फोटोचाच भाग. गणवेशाला बटणं असतात तसं मेलेल्या माणसाला गंध असतं. आणि या गावाला मात्र काय दिसलं? कपाळात गोळी. एका नौदल अधिकाऱ्याच्या कपाळात, रक्त ओघळणारी, रंगवलेली गोळी.

सोमवारी स्थानिक पेपरात तलाववाल्या अध्यक्षांचं पत्र: 'ज्यांना चर्चा करता येत नाही ते गोळ्या रंगवतात.' बेकरीत मला ब्रेड देताना बाईने नजर वर केली नाही. मंगळवारी बुर्गरमाइस्टरची, म्हणजे गावप्रमुखांची ईमेल: गुरुवारच्या सभेपर्यंत गटाने या चित्राचा समाधानकारक खुलासा केला नाही, तर प्रस्ताव कामकाजातून काढला जाईल. दोन वर्षांचं काम. फ्रायबुर्गचं खोकं. सगळं एका ठिपक्यात बुडणार.

"आल्झो, म्हणजे खुलासा तर सोपा आहे," शिक्षिका म्हणाली. "सांग की ही हिंदू प्रथा आहे, आणि फोटो त्याच्या नातवाच्या घरातला आहे."

"ते मी सांगू शकत नाही."

"का? खरं नाही का?"

खरं होतं. पण ते सांगायचं म्हणजे आत्याच्या घरातलं बुटकं कपाट गावासमोर उघडायचं, आणि लोकांनी कुजबुजायचं की चाळीस वर्षं आपल्यात राहिलेली ही बाई घरात त्या कप्तानाची पूजा करते. एकदा तिला न विचारता तिचं काही बाहेर नेलं होतं. दुसऱ्यांदा नेणार नव्हते, प्रस्ताव गेला तर गेला.

संध्याकाळी तिच्या दारात गेले. दार काकांनी उघडलं. पत्रक त्यांच्या हातात होतं, चार घड्या पडलेलं.

"आज ती भेटणार नाही," ते म्हणाले.

"काका, मला फक्त..."

"तू विचारायला हवं होतंस."

"तुम्ही दिला असता फोटो?"

"नाही."

"मग?"

"मग नसता मिळाला," काका म्हणाले. त्यांनी दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

बुधवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. आत्या. "ऑफिसला कळव, उशीर होईल. इकडे ये. पेन आण."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात वह्या होत्या. आत्याने चहा पुढे केला आणि आधी मला जे सुनवायचं होतं ते सुनावलं. ती ओरडत नाही. कवळीचा साचा तपासावा तसं एकेक बोलते.

"गंध मी माझ्या हाताने लावते. आंघोळ करून, घरात, चारजणांत. ते तू लोकांच्या पत्रपेटीत टाकलंस, पिझ्झाच्या जाहिरातीशेजारी."

"चुकलं."

"चुकलंच. आणि तेही अर्धवट. लोकांना गंध दिसलं, त्या माणसाने काय केलं ते दिसलंच नाही. एवढं चुकायचं होतं तर निदान मुद्दा तरी पोचवायचास. आता घरातलं चव्हाट्यावर गेलंच आहे, तर पूर्ण जाऊ दे."

मी पेनचं टोपण काढलं.

तिसरी वही तिने उघडली. शोधावं लागलं नाही, पान तिला माहीत होतं. चष्मा सावरून ती जर्मनमध्ये वाचू लागली, शाळेतली मुलगी धडा वाचते तशी, प्रत्येक शब्द सुटा. काका दारात येऊन उभे राहिल्याचं आम्हाला आधी कळलंच नाही.

कप्तान लिहितो, की पहिलं घर त्याने स्वतः पेटवलं, कारण खलाशी कचरत होते आणि त्यांना दाखवणं भाग होतं. दुपारपर्यंत गाव संपलं. जहाजावरून परत येण्याचा इशारा झाला. 'मी आणखी एक तास मागितला,' तो लिहितो, 'कारण होड्यांची शेड उरली होती.' तास मिळाला. होड्या जाळल्या.

माझं पेन धावत होतं. अंगावर काटा आला होता आणि, खरं सांगायचं तर, आतून मी उड्या मारत होते. मिळालं. बोटीत बसून राहिला नव्हता. वरून हुकूम नव्हता, उलट याने वरून वेळ मागून घेतला होता.

"थांब," आत्या म्हणाली. "पान संपलं नाही."

त्याच पानावर, त्याच शाईत, पुढचा परिच्छेद. होड्या गेल्यावर गावातली मुलं पाण्यात उतरली. पाचसहा वर्षांची असतील, तो लिहितो, आणि समोरच्या बेटाच्या दिशेने पोहत निघाली. सरळ, न घाबरता, डोकी पाण्याबाहेर. 'अशी पोहणारी मुलं मी पाहिली नव्हती. आमच्या गावात दर उन्हाळ्यात एखादं पोर गुडघाभर खोल तळ्यात बुडतं. घरी गेल्यावर यासाठी काहीतरी करायला हवं.'

मी लिहायची थांबले.

तलाव. निळी पाटी. अर्ध्या गावाला बुडण्यापासून वाचवणारा माणूस. ते सगळं या पानातून निघालं होतं. त्याने ज्यांची घरं जाळली, ज्यांच्या होड्या जाळल्या, त्यांच्या पळून जाणाऱ्या पोरांकडे पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. आणि त्याला स्वतःला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. दोन परिच्छेदांमध्ये एक ओळसुद्धा सोडली नव्हती.

"तुला हे माहीत होतं?"

"तीस वर्षं."

"आणि तरी तू त्याला वडा वाढतेस?" माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता.

"मग काय उपाशी ठेवू? उपाशी ठेवून आता काय शिकणार आहे तो?" तिने चष्मा काढला. "पान वाढलं म्हणजे शाबासकी दिली, असं तुला कुणी सांगितलं? पितर कुणी निवडून घेत नाही. मी नवरा निवडला, त्याच्यामागे जे आले ते आले. त्यांचं करणं माझ्याकडे लागलं. रस्त्याला नाव देणं वेगळं. ते गावाने निवडून दिलंय. निवडलेलं परत घेता येतं."

पत्रकं लिहून लिहून माझी बोटं दुखली, पण असं वाक्य मला सुचलं नव्हतं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

दारातून काका म्हणाले, "तू मला हे कधी वाचून दाखवलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, अहो," आत्या म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, जहाजांचं काहीतरी असेल."

काका बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, ते अंगणातली पानं झाडत होते. झाडून झालेला भाग पुन्हा झाडत होते. अर्ध्या तासाने आत आले, हात धुतले आणि विचारलं, "उद्या सभा किती वाजता?"

"सहा."

"लोकांना प्रश्न विचारायला वेळ देतात ना आधी?"

"माणशी तीन मिनिटं."

"तिचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला आहे," काका आत्याकडे बघत म्हणाले. "तीच वाचेल."

"मला कुणी विचारलंय का?" आत्या म्हणाली. पण वही तिने पिशवीत घातली होती.

गुरुवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नेहमी या सभेला गटारांचे आराखडे ऐकायला सातआठ माणसं असतात. त्या दिवशी भिंतीला टेकून माणसं होती. तलाववाले पहिल्या रांगेत, अध्यक्ष मध्ये, गुडघ्यावर पत्रक. मला दुसरीकडे कुठेही असावंसं वाटत नव्हतं.

आत्याचं नाव पुकारलं गेलं. रोजचा तपकिरी कोट घालून ती पुढे गेली, पिशवीतून कप्तानाची तसबीर काढली, हारासकट, आणि माइकशेजारी टेबलावर उभी केली. गंध अजून होतं, सुकून फिकं झालेलं. सभागृहात कुजबुज झाली.

"हा ठिपका मी लावलेला आहे," ती या भागातल्या अस्सल श्वेबिश हेलात म्हणाली. "गोळी नाही. आमच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसाला असा लावतात. वर्षातून एकदा मी यांना जेवायला घालते. यांच्या नातवाला विचारा, इथेच बसलाय." काकांनी हात वर केला, शाळेत हजेरी द्यावी तसा. कुणीतरी हसलं, मग आणखी दोघंतिघं. "माझ्या भाचीने हा फोटो मला न विचारता छापला. त्याचं मी आणि ती बघून घेऊ. तुमच्याकडे ते भांडण आणलेलं नाही. तुमच्याकडे हे आणलंय."

आणि तिने पान वाचलं. पूर्ण. घर, तास, होड्या, मुलं, तळं. बुर्गरमाइस्टरसमोरच्या घड्याळाचा दिवा तीन मिनिटांनी लाल झाला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.

शेवटी ती म्हणाली, "मी यांना जेवायला घालत राहीन, ते माझं काम आहे. पाटी तुमचं काम आहे." तसबीर पिशवीत घातली आणि जागेवर येऊन बसली. मी तिचे हात धरायला गेले, तिने काढून घेतले. थोड्या वेळाने परत दिले.

प्रस्ताव कामकाजातून काढण्याबद्दल पुढे कुणी बोललं नाही. चर्चा तासभर चालली. कुणी म्हणालं, पाटी ठेवून खाली खुलासा लावू. कुणी म्हणालं, पत्ते बदलायचा त्रास. मला दर मिनिटाला उठून बोलावंसं वाटत होतं आणि दर मिनिटाला आत्या माझी बाही ओढत होती. मग हात वर झाले. मी मोजले, चुकले, पुन्हा मोजले. दोन मतांनी प्रस्ताव मंजूर. रस्त्याचं नाव 'तलावाचा रस्ता'. शिक्षिकेने मला मिठी मारली, आम्ही दोघी खुर्च्यांमध्ये अक्षरशः नाचलो, आणि त्याबद्दल मला जराही लाज वाटत नाही.

बाहेरच्या पायऱ्यांवर तलाववाले अध्यक्ष उभे होते. मी खांदे ताठ केले. भांडण आलं तर मी तयार होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आत्याच्या समोर आले आणि टोपी हातात घेतली.

"मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "हनुवटीखाली तळहात धरायचे ते. म्हणायचे, पाण्याशी भांडू नकोस, डोकं वर ठेव, मी तुझ्याहून लहान मुलांना समुद्र ओलांडताना पाहिलंय. आम्ही विचारायचो, कुठे? ते सांगायचे नाहीत."

आत्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"ती मुलं," अध्यक्ष म्हणाले. "पोचली का? लिहिलंय का त्याने?"

"नाही," आत्या म्हणाली. "पुढच्या पानावर वाऱ्याची दिशा आहे आणि जहाजाचा वेग."

त्यांनी मान हलवली. पायरीवरून हलले मात्र नाहीत. आणि माझ्या डोक्यात असं काही पेटलं की मी मध्येच बोलले. "त्या बेटावर आज लोक राहतात. शाळा असणार. समोरच्या बेटावरही असेल. त्यांच्या घरांत कुणाला तरी माहीत असेल, पोचली की नाही. आपण विचारू शकतो. पत्ता मी शोधून काढते."

अध्यक्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "पत्राखाली मी सही करेन," ते म्हणाले. "पण लिहिणार कोण?"

"ही लिहील," आत्या म्हणाली, आणि काकांच्या हातातून छत्री घेतली. "आधी मला दाखवेल."